वादळ वळलं त्या सकाळची साखर

तळहातावर कुणी साखर ठेवली, की मला अमेरिकेतलं ते वादळ आठवतं. ताई तिकडं समुद्रकाठच्या गावात राहायची आणि इथं शुक्रवार पेठेत आम्ही सगळे मोबाईलवरच्या नकाशाला चिकटलेले. तव्यावर भाकरी करपत होती, पण उठत कुणीच नव्हतं. भूगोल शिकवून निवृत्त झालेले बाबा पुन्हा पुन्हा सांगत होते, "आफ्रिकेच्या बाजूला जन्मतं, गरम समुद्रावर पोसतं, जमिनीवर चढलं की मरतं." आई चिडली, "मरताना काय काय घेऊन जातं, ते सांगा की!" तेवढ्यात नकाशावरची लाल रेघ उत्तरेला वळली. आई साखरेचा डबा घेऊन थेट शेजारच्या काकूंकडं धावली आणि "वळलं हो, वळलं!" म्हणत त्यांच्या हातावर तिनं साखर ठेवली. काकूंनी हळूच विचारलं, "कुणीकडं वळलं?" त्यांचा मुलगा त्याच किनाऱ्यावर, ताईच्या उत्तरेला राहायचा. आनंदाच्या भरात आई ते विसरूनच गेली होती. शुभाची साखर टाकता येत नाही, म्हणून काकू मूठ मिटून तशाच उभ्या राहिल्या. मुलगा सुखरूप असल्याचा फोन त्यांना पुढं आला, पण साखर घेऊन त्या आमच्या दारात आल्या नाहीत. अजूनही चांगली बातमी कानावर आली, की माझ्या मनात आधी तेच येतं, कुणीकडं वळलं?