यादवी सर

सरांसमोर ‘युद्ध पेटलं’ असं म्हणायची सोय नव्हती. “पेटत नाही ते. आधी पुष्कळ वर्षं सभ्य माणसं बसून सरपण रचतात,” असं म्हणून ते चहाचा कप खाली ठेवत, आणि कप खाली गेला की आपली संध्याकाळ गेली हे आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं.

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका शाळेत त्यांनी हयातभर ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीच्या, मुलांना अमेरिकेची यादवी शिकवली, म्हणून यादवी सर. नव्या लोकांना ते आडनावच वाटे. व्हिसावर नुकत्याच आलेल्या नागपूरच्या एका इंजिनीयरने अदबीने विचारलं, “यादव सर, मूळ गाव कुठलं?”

“द्वारका.”

“म्हणजे गुजरातकडचे?”

“हो. आमच्यातलं कोणी उरलं नाही.”

“सो सॉरी, सर,” तो बिचारा म्हणाला.

शनिवारच्या मराठी शाळेत सर इतिहास सांगत तो द्वारकेपासूनच. यादवांच्या पोरांनी ऋषींची थट्टा केली, शापातून मुसळ जन्मलं. वडीलधाऱ्यांनी ते किसलं, भुगा समुद्रात टाकला आणि निश्चिंत झाले. किनाऱ्यावर त्याचंच गवत उगवलं आणि त्या गवतानेच यादव एकमेकांना मारून मेले. “अमेरिकेनेही मुसळ किसलं,” सर सांगत. “राज्यघटनेत माणसांना विकायची सोय ठेवली, पण ‘गुलाम’ हा शब्द येऊ दिला नाही. ‘इतर व्यक्ती’ म्हणाले. मग नकाशावर रेघ मारली. रेघेच्या वर गुलाम नको, खाली चालेल. दर तडजोडीला टाळ्या.”

“पण सर, नॉर्थचा लोक तर गुड होता ना?” इथेच जन्मलेल्या रियाने विचारलं.

“सोयीपुरते गुड होते, बेटा. मग कायदा आला. पळून आलेला गुलाम दिसला तर पकडून द्यायला मदत करा. तेव्हा त्यांना कळलं, की रेघ आपल्याच उंबऱ्यातून जाते.” पुढे त्यांच्या सिनेटमध्ये गुलामगिरीविरुद्ध बोललेल्या एका सभासदाला दुसऱ्या सभागृहातल्या एकाने काठीने रक्तबंबाळ केलं, आणि मारणाऱ्याला चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. ही गोष्ट ऐकताना मुलं हसत. सर हसत नसत.

आमचे तेव्हाचे अध्यक्ष भाऊसाहेब. फेटा बांधल्याशिवाय ते स्वागताचं भाषण करत नसत आणि स्वागताचं भाषण केल्याशिवाय कोणाला जेवू देत नसत. आईच्या सेवेला त्यांनी साताऱ्याकडच्या कुसुमताईंना आणलं होतं. आई वारल्या, कुसुमताई राहिल्या. मंडळाच्या गणपतीचे मोदक त्याच वळत. सरांनी त्यांना सहज विचारलं, “गावी कधी जाणार?”

“पासपोर्ट भाऊसाहेबांच्या कपाटात असतो. माझ्याकडून हरवेल म्हणतात.” त्यांचे हात थांबले नाहीत. “लेक बाळंत झाली माझी. विचारलं, तर बघू म्हणाले.”

सरांनी समितीपुढे विषय काढला. भाऊसाहेब दुखावले. “सर, ती आमच्या घरच्यासारखी आहे हो!”

“तुमच्या मुलीला तुम्ही घरच्यासारखी म्हणता का? तो ‘सारखी’ काढा, आणि पासपोर्ट देऊन टाका.”

समितीने ठराव केला, की सभासदांच्या घरगुती बाबींबद्दल मंडळाला आदर आहे. पासपोर्ट हा शब्द ठरावात नव्हता. टाळ्या झाल्या. सर माझ्या कानाशी पुटपुटले, “किसलं.”

दसऱ्यानंतर एका सकाळी कुसुमताई भाजी आणायला म्हणून निघाल्या त्या ट्रेनने थेट स्लाऊला, सरांच्या दारी. मी तेव्हा सरांचा प्रिंटर दुरुस्त करत होतो. दुपारी उपाध्यक्षांना घेऊन भाऊसाहेब पायरीवर हजर.

“सर, आमची बाई पाठवून द्या.”

“तुमची कुठली?”

उपाध्यक्षांनी आवाज मऊ केला. “दिवाळीपुरती जाऊ द्या तिला, सर. मग बसून तोडगा काढू. उगाच मंडळात दोन चुली होतील.”

“होऊ देत. आहे त्या चुलीशी कोण राबतंय ते पाहिलं मी.”

कुसुमताई आतून ऐकत होत्या. पदर खोचून पुढे आल्या. “मला नाही यायचं,” एवढंच म्हणाल्या. सरांनी दार लावलं आणि पोलिसांना फोन केला.

पासपोर्ट मिळाला. गावी निघताना हीथ्रो विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो मागितला, तर कुसुमताई देईनात. “परत देते ती, ताई,” सर म्हणाले, तेव्हा कुठे दिला. आणि परत हातात पडेपर्यंत त्यावरची नजर हलवली नाही.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, “सुटलो बुवा.”

“त्या सुटल्या. आपलं आता सुरू होईल,” सर म्हणाले. “आणि कशावरून लढलो ते पुढे कोणी कबूल करणार नाही, बघ. अमेरिकेत अजून सांगतात, युद्ध गुलामगिरीवरून नाही, राज्यांच्या हक्कांवरून झालं म्हणून.”

दिवाळीआधी मंडळ फुटलं. वर्षानुवर्षांचे शेजारी सुपरमार्केटमध्ये एकमेकांना पाहून ट्रॉली वळवू लागले. दोन सख्ख्या भावांनी दोन मंडळं धरली. एका लग्नात हात उचलला गेला. सरांच्या खिडकीची काच कोणीतरी फोडली. त्यांनी तिथे पुठ्ठा लावला आणि तो तसाच राहू दिला. मागच्या हिवाळ्यात सर गेले. शोकसभा दोन झाल्या, एकाच दिवशी, एकाच वेळी.

यंदाच्या गणपतीत पुण्याहून आलेल्या एका नव्या जोडप्याने मला विचारलं, “काका, एवढ्याशा गावात दोन मंडळं कशाला?”

मी काही बोलायच्या आत मागून कोणीतरी सांगून टाकलं, “हॉलच्या बुकिंगवरून झालं ते.” आजूबाजूच्या माना डोलल्या. त्यांत उपाध्यक्षांचीही होती. ते आता आमच्या बाजूला आहेत.

“कुसुमताईंवरून,” मी म्हटलं.

“कोण कुसुमताई?” त्या मुलीने विचारलं, आणि मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.