खांडेनवमीला पुजलेली बॅग

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान एका चाळीस वर्षांच्या लेडीज बॅगेला आहे. दुसरा नंबरही माझा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमची ही, म्हणजे वसुधा, फॉरेनच्या जुन्या चामड्याच्या बॅगा जमवते. इकडे हिंदी मुलखात, दाना ओली या गल्लीतल्या आमच्या घरात कपाटात माझ्या शर्टांच्या जागी अशा नऊ बॅगा आहेत. (शर्ट कुठे आहेत, ते विचारू नका!) त्यातली लाडकी पॅरिसची. तिच्या चामड्याला रंगच दिलेला नाही. नवं असताना गव्हाळ, मग ऊन आणि हात लागून लागून मधासारखं होत जातं. याला पॅटिना म्हणतात.

"अहो, हा रंग विकत मिळत नाही, मुरावा लागतो!" असं म्हणून वसुधा मला बॅगेपासून चार हात लांब उभं करायची.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तीन दिवसांनी दिल्लीच्या खन्नाबाई ती बॅग बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली, की ती दिल्लीच्या प्रदर्शनात जाणार! वसुधाला महिनाभर धड झोप नव्हती.

आता आमचं घराणं पडलं लढवय्यांचं. खांडेनवमीला आमच्याकडे तलवार, खोगीर आणि पणजोबांच्या काळी घोडासुद्धा पुजला जायचा. घोडा गेला, खोगीर राहिलं. त्याला मी दरवर्षी सरसोंचं तेल चोळतो. त्या वर्षी पूजेच्या दिवशी वसुधा बाजारात गेली होती आणि वाटीत तेल उरलं होतं. माझ्या अंगात एकदम बायकोप्रेम संचारलं. म्हटलं, चामडं ते चामडं, हिच्या बॅगेचाही सण करू!

चोळलं. बाह्या सरसावून चोळलं. वर हळदीकुंकवाची पाच बोटं! उदबत्ती ओवाळतोय, तोच आमची मुलगी रुचा आत आली.

"बाबा, ये क्या कर दिया! आई तुम्हाला छोडेगी नहीं!"

"अगं, कशी चमकतेय बघ."

"चमकत नाहीये, तळली गेलीये!"

मग मी घाबरलो. तेल काढायला बेसन उत्तम, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. तेल, हळद आणि बेसन! शिलाईत पिठलं जाऊन बसलं, फक्त फोडणी द्यायची राहिली.

वसुधा आली. बॅग मांडीवर घेऊन पाटावर बसली आणि पदराने शिवण पुसत राहिली. तेव्हा मात्र मला खरंच स्वतःची लाज वाटली.

खन्नाबाईंना स्टेशनवरून आणायला मीच गेलो. स्टेशनाजवळच्या पडावपासून घरापर्यंत रिक्षात मी माफीच मागत होतो. त्यांनी बॅग नाकाशी नेली.

"सरसों?"

"जी."

"और बेसन?"

"जी."

"प्रदर्शनी में तो नहीं जाएगी," त्या म्हणाल्या. वसुधाचा चेहरा उतरला. "पर चमड़ा ज़िंदा है. रोज़ कंधे पर टाँगो, धूप-पसीना लगने दो. दाग रंग में मिल जाएँगे. अगले साल फिर देखूँगी."

"रोज कोण वागवणार?" वसुधा म्हणाली, आणि तिघींनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून मी, भरघोस मिशांचा गृहस्थ, खांद्याला लेडीज बॅग लावून पाटणकर बाजारात भाजी आणतो. भाजीवाला विचारतो, "भाईसाब, भाभीजी नहीं आईं, पर्स आ गया?" पण डाग खरंच विरलेत हो! पुढच्या आठवड्यात खन्नाबाई पुन्हा येणार आहेत.

यंदाची पूजा वसुधानेच केली. तलवार, खोगीर, त्याशेजारी बॅग (तेलाची वाटी कुलपात!). मग तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली.

"मला कशाला गं?"

"अहो, खोगिराखालची जागा इतकी वर्षं रिकामीच होती ना!" म्हणत तिने माझ्या तळहातावर मूठभर हरभरे ठेवले.

मी निमूटपणे खाल्ले. छान भिजले होते.