लग्नापुरती नोकरी

सोमनाथदादाला ती नोकरी नकोच होती. आमची द्राक्षबाग तो एकटा सांभाळतो, त्याच्या हाताखाली माणसं राबतात आणि आज त्यालाच अंबडच्या कंपनीत हेल्परच्या इंटरव्ह्यूला जायचं होतं. कारण बाग कितीही चांगली असली तरी शेती करणाऱ्याला कोणी मुलगी देत नाही.

"लग्न होईपर्यंत कर, मग सोड," आई म्हणाली.

दादाने इस्त्रीचा शर्ट खाटेवर फेकला. "त्यांना जावई नकोच हाय, गेटपास पाहिजे! मी नाय जाणार." मग माझ्याकडे वळला. "वेदे, तूच सांग, शेती करतो म्हणजे मी माणूस नाय का?"

गेल्या वर्षी निफाडचा मुलगा मला बघायला आला होता. त्याचीही बागच होती. मला तो आवडला होता. त्याच्या हातात चहा देते न देते तोच दादाने विचारलं होतं, "कोणत्या कंपनीत हाय?" कोणत्याच नाही, हे कळल्यावर दादाने पुढचं बोलणंच होऊ दिलं नाही.

मी शर्ट उचलून दादाच्या हातात दिला.

"जा ना. नोकरी कशाला पाहिजे असं विचारलं, तर खरं सांग. म्हणावं, शेती करणाऱ्याला मी पण माझी बहीण दिली नाय."