अर्ज न लागणारी सीमा

तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहावयास बसतो. काल तेथे भाजी विकणाऱ्या गंगूमावशी आल्या आणि कोरा कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "नेपाळ सरकारला अर्ज लिहा. गावातल्या बाया पशुपतिनाथाला निघाल्यात. पुतण्या म्हणतो, पासपोर्ट नाही, तुला सीमेवरून माघारी धाडतील. पाया पडते म्हणून लिहा."

"मावशी, पाया पशुपतिनाथाच्याच पडा. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तर मतदानाचं कार्ड चालतं. फक्त मूळ कार्ड न्या, झेरॉक्स नको."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून कार्ड काढले. "हेच? ह्यात तर मी भुतासारखी दिसते!"

"महादेवाच्या दारी भुतांना कोण अडवणार?"

मावशी पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

माझी लेखणी जन्मभर वाकूनच चालत आली आहे. रेशनसाठी, दाखल्यासाठी, शेताच्या वाटेसाठीसुद्धा मी लोकांना 'कृपावंत होऊन' असे लिहून दिले आहे. आपल्याच कचेरीच्या उंबऱ्यावर जिने इतके वाकावे, ती बाई परक्या देशाचा उंबरा ताठ मानेने ओलांडणार, आणि तोही केवळ या देशाची मतदार म्हणून, या विचाराने माझा ऊर अभिमानाने भरून आला.

"मग अर्ज?" मावशींनी पुन्हा विचारले.

"आवश्यकता नाही," मी उभा राहून म्हणालो. एरवी तहसीलदारांखेरीज कोणासाठीही मी खुर्ची सोडीत नाही.