अकरा लाल ठिपके

आमच्या गाडीतून खडखड आवाज यायला लागला तेव्हा मला वाटलं, दोन दिवसांत जाईल. तीन महिने झाले तरी आवाज काही गेला नाही. पैसे मात्र जायला लागले.

गाडी बारा वर्षांची. रंग पांढरा, असं आता फक्त कागदपत्रांतच दिसतं. यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि यांनी स्टिअरिंग सोडलं, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. शिकवणारा दोनदा हात जोडून घरी निघाला होता, पण मी त्याला सोडलं नाही. कारण एकच. देवगाव रंगारीला माझी आई असते आणि दर रविवारी मला तिच्याकडं जायचं असतं. एसटीची पायरी आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि भावाला ‘मला न्यायला ये रे’ म्हणणं माझ्या स्वभावात नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे तोवर मी कुणाची मिंधी नाही.

मुलगा पुण्याला असतो. त्याचं एकच तुणतुणं, “आई, विकून टाक ती. दुरुस्तीच्या पैशात रोज रिक्षानं फिरशील.” दुसरं बिल झालं तेव्हा मी चिडून त्याला म्हटलं, “आणखी एक मोठं बिल आलं ना, तर मीच विकते. शब्द आहे माझा!” झालं. तीस वर्षं शाळेत पोरांना दिलेला शब्द पाळायला शिकवलेली बाई मी, आता मला शब्द फिरवायची सोय राहिली नाही. पोरगं माझ्यावरच गेलेलं, त्यानं जुन्या गाड्या घेणारा एक माणूस लगेच शोधून ठेवला.

ती दोन बिलं गारखेड्यातल्या, आमच्या घराजवळच्या मेकॅनिकची. पहिल्यांदा तो म्हणाला, “मॅडम, शॉकअप गेले.” बदलले. खडखड तशीच. मग म्हणाला, “लिंक रॉड गेले.” बदलले. खडखड तशीच. दर वेळी आमचे हे शेजारच्या सीटवरून हळूच म्हणायचे, “आवाज वरून येतोय वाटतं. डॅशबोर्डकडून.”

“तुम्ही गप बसा हो. मेकॅनिक तो आहे की तुम्ही?”

मग हे गप बसायचे. पण गॅरेजमध्ये गेलं की त्या मेकॅनिकच्या मागं मागं फिरायचे, त्याच्या कानाशी लागायचे. मला वाटायचं, घासाघीस करताहेत बिचारे.

तिसऱ्या वेळी तो मेकॅनिक म्हणाला, “शॉकअप परत गेले. डुप्लिकेट निघाले असतील.” मी विचारलं, “तूच बसवलेस ना रे?” तर दात काढून म्हणतो कसा, “मॅडम, ते तुम्हाला नाय कळायचं.”

मला नाही कळायचं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाडी उद्या आणते म्हणून घरी आले. भाचीच्या लग्नात कुणीतरी दिलेली नेलपॉलिशची बाटली कपाटात पडून होती, भडक लाल. मी काही ती या वयात लावणार नव्हते. बॉनेट उघडलं आणि दोन्ही शॉकअपच्या डोक्यावर एकेक ठिपका देऊन टाकला. वॉचमन बघत होता. “मॅडम, पूजा हाय का?” म्हणाला. मी म्हटलं, “व्हय, आज गाडीची पूजा. उद्या दुसऱ्या कुणाची तरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दिली, संध्याकाळी घ्यायला गेले. बिलात दोन नवे शॉकअप. मी बॉनेट उघडायला लावलं. दोन्ही ठिपके जागच्या जागी.

“हे काय?”

“ते होय? कंपनीच लाल ठिपका देऊन पाठवती, मॅडम.”

“हो का? कंपनीचा आणि माझा शेड एकच?” असं म्हणून मी पर्समधली बाटली काढून त्याच्या नाकासमोर धरली. पानटपरीवरची माणसंसुद्धा रस्ता ओलांडून आली. त्यानं बिल फाडून टाकलं, आणि मी विजयी मुद्रेनं खडखडत घरी आले.

इथंच थांबायला हवं होतं. पण विजय डोक्यात गेला. शहागंजच्या मागं एक म्हातारे मिस्त्री आहेत, माणूस सरळ आहे, असं शाळेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं. मी म्हटलं, सरळ की वाकडा ते ठिपके सांगतील. या वेळी हात आखडता घेतला नाही. बॅटरी, एअर फिल्टर, बेल्ट, हॉर्न, प्लगच्या वायरी, पाण्याचे पाईप, जिथं हात पोचला तिथं ठिपका. जिथं पोचला नाही तिथं सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. वॉचमननं या वेळी काही विचारलं नाही. शॉकअपवरचे जुने दोन धरून एकूण अकरा ठिपके, वहीत लिहून घेतले.

शुक्रवारी सकाळी गाडी दिली. मिस्त्रींनी चष्मा नाकावर ओढून आवाज ऐकला आणि म्हणाले, “शाम को आव, आपा.” यांनी तोंड उघडलं, “मिस्त्री, वो जरा डॅशबोर्ड...” मी नुसतं बघितलं. तोंड मिटलं.

संध्याकाळी बिल हातात पडलं आणि मी बाकावर बसलेच. बदललेले पार्ट अकरा. बिल आधीच्या दोन्ही बिलांच्या बेरजेपेक्षा मोठं. वही काढून ताडून पाहिली. ज्यांवर ठिपका दिला होता नेमके तेच अकरा, एक इकडं नाही की तिकडं नाही. आणि गाडी सुरू केली तर खडखड आपली सुरूच.

मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. म्हातारपणी हे धंदे करता का, एकट्या बाईला बघून लुटता का, (हे शेजारीच उभे होते, पण रागात माणूस मोजायचं राहून जातं), सगळं बोलून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं नव्हतं. गाडी गेली होती. मुलाला दिलेला शब्द होता, आणि आई रविवारी दारातल्या खुर्चीवर रस्त्याकडं बघत बसणार होती.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग आत गेले आणि लाल रंगाचा एक डबा आणि ब्रश घेऊन आले. त्यांच्याकडची पद्धत अशी, की आधी मिस्त्री गाडी तपासतात आणि बदलायच्या पार्टला लाल खूण करतात. मग त्यांचा भाऊ खुणा बघून पार्ट बदलतो, विचारत नाही. आज जुम्मा. मिस्त्री नमाजला गेले, माझ्या गाडीला त्यांनी हातही लावला नव्हता. परत आले तर भावानं अकरा पार्ट उतरवून नवे चढवलेले.

“मैं बोला, मैं तो रंग नहीं लगाया. भाई बोला, लाल था, मैं बदल दिया,” मिस्त्री म्हणाले. “मेरे कू लगा, आप पहले दुसरी जगा चेक कराके लाए.”

मी वहीकडं बघितलं. त्या डब्याकडं बघितलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं ते कळलं. खोटं बोलून सुटता आलं असतं, पण तेवढी हिंमत नव्हती. “ते ठिपके माझे आहेत,” मी म्हणाले. “नेलपॉलिशचे. तुम्ही फसवता का बघायला लावले होते.”

मिस्त्री इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. भावाला बोलावून सांगितलं, तो खाली बसून हसला. मग म्हणाले, “नक्को घाबरो, आपा. पुराना माल अच्छा है, वापस बिठा देता. नया दुकानदार वापस लेता.” बिलावर काट मारली. “और आवाज? साब तो सुबह से बोल रहे थे, डॅशबोर्ड देखो. आप बोलने कहां दिए?”

त्यांनी समोरचा कप्पा उघडला, मागच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि एक डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. दोन तोंडांची ॲल्युमिनियमची डबी. एका तोंडाला तंबाखू, दुसऱ्याला चुना. हलवली. खडखड.

ऑपरेशननंतर आईच्या गळ्याची शपथ घेऊन तंबाखू सोडलेले आमचे हे समोरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत होते. झाडात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

जुने पार्ट परत बसवून घेऊन निघालो, तर क्रांती चौकापर्यंत खडखड काही ऐकू आली नाही. सिग्नलला थांबल्यावर हे म्हणाले, “मला वाटलं, खोलताना एखाद्या मेकॅनिकला सापडेल आणि तो गुपचूप मला देईल. सांगितलंही होतं एकदोघांना.”

“म्हणून तीन महिने लुटू दिलंत?”

“उघडून तर बघ. कप्प्यात लपवलेली मागं पडली, त्या दिवसापासून खाल्ली नाही गं. दुसरी आणायची म्हणजे तुझ्याकडं पैसे मागावे लागले असते.”

उघडून बघितली. तंबाखूचा भुगा झाला होता, चुन्याचा खडा. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. त्या ऑपरेशनच्या दिवशी मी जेवढी घाबरले होते तेवढीच मी त्या सिग्नलला घाबरले, आणि यांना तसं सांगितलं. हे खाली बघून “हौ” म्हणाले.

घरी येऊन मुलाला फोन केला, तुझ्या माणसाला पाठवू नकोस. मग डबीची दोन्ही झाकणं घट्ट लावली, दोन्ही फटींवर लाल ठिपका दिला आणि ती यांच्याच हातात ठेवली.

दर रविवारी देवगावला निघण्याआधी मी ती तपासते. ठिपके अजून आहेत. शेड तोच आहे ना, तेवढं उजेडात नेऊन बघते, आणि बाटली माझ्या पर्समध्येच असते.