मडक्यातल्या सुया

बाळ माझ्या हातातून हिसकावून घेतलं, तेव्हा बायांचं 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' चालूच होतं.

दुष्काळाचं साल. गावाबाहेरच्या माळावर दूध सोसायटीची चारा छावणी. निम्मं गाव जनावरांसोबत तिथंच पालं ठोकून राहिलेलं. आम्ही नवराबायको आणि आमच्या दोन गाई. सोसायटीच्या चेअरमनच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून छावणीतल्या बायांना त्यांच्या अंगणात बोलावणं आलं. बाळ पाळण्याच्या वरून-खालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होतं. माझ्या हातात आलं. ऊबदार होतं. दुधाचा वास येत होता. तेवढ्यात चेअरमनबाई धावल्या.

"हिच्या हातात कुणी दिलं गं? वांझोटी हाय ती. आदीच दुष्काळ काय कमी हाय व्हय?"

काही बाया हसल्या. काही खाली बघत राहिल्या. मी रिकामे हात पदराला पुसले. कशाला पुसले, देव जाणे. वर पंगतीला बसून बुंदीही खाल्ली. उठून गेले असते तर दुसऱ्या दिवशी आमच्या गाईंची वैरण बंद झाली असती.

पालात आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "जाऊ दे," म्हणाला.

जाऊ दे म्हणायला त्याचं काय जात होतं! अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. माझ्यात काही खोट नव्हती. त्याच्या बीजात जोर नव्हता. मूल हवं तर गर्भ बाहेर, नळीत तयार करून माझ्या पोटात ठेवावा लागणार होता. परत येताना एसटीत त्यानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कुणाला सांगू नकु. माझी शपथ हाय तुला." मी शपथ पाळली. प्रेमानं पाळली, खोटं कशाला बोलू? पण त्या शपथेनं तो मर्द राहिला आणि मी वांझोटी झाले.

छावणीत आलो तेव्हाच इलाज सुरू झाला होता. रोज पोटात सुई टोचायची. औषध गार ठेवायचं. फ्रीज चेअरमनच्या घरात आणि सोसायटीत. तिथं कुठल्या तोंडानं ठेवायचं? दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तोड सांगितली. औषध मडक्यात ठेवा, मडक्याला ओलं पोतं गुंडाळा, सावली सोडू नका. टँकरवर घागरीसाठी झिंज्या उपटल्या जात होत्या आणि मी माझं पिण्याचं पाणी पोत्यावर शिंपडत होते. जीभ टाळूला चिकटायची. पोतं मात्र सुकू दिलं नाही.

बारशानंतर बाळाला ताप आला. उतरेना. छावणीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मला मडक्यावर पाणी शिंपडताना बघितलं होतं. एका सकाळी चेअरमनबाई बाया घेऊन पालात घुसल्या. पोतं फेडलं, मडकं उपडं केलं. सुया आणि औषधाच्या बाटल्या मातीत पडल्या.

"बगा! मडक्यात सुया! करणी करती रांड, माझ्या नातवावर!"

गर्दी जमली. चेअरमन आले. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. "पाल काढा ह्यांचं. जनावरं सोडा."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं नुसती मान हलवली. बोलू नको. बायको करणीवाली ठरली तरी चालेल, पण बोलू नको. मला त्याची कीव आली आणि तितकाच संताप आला.

मी मातीतली सुई उचलली. पदर बाजूला केला. टोचून टोचून पोटावर काळेनिळे डाग पडले होते, ते सगळ्यांसमोर उघडे केले.

"करणी केलीच आसंल तर माज्याच पोटावर केली. मूल व्हावं म्हनून टोचून घेती मी. नळीतलं मूल. अंबाजोगाईला इलाज चालू हाय. आन् खोट माज्यात न्हाई. ह्यांच्यात हाय."

नवरा तिथंच मटकन खाली बसला, गुडघ्यात डोकं घालून.

"चारचौघांत असलं बोलताना लाज न्हाई वाटत?" चेअरमनबाई म्हणाल्या.

"बारशाला वाटली हुती. आता न्हाई."

पाल काढलंच त्यांनी. औषध उन्हात तापून वाया गेलं, त्या खेपेचा इलाजही गेला. गाई आम्ही माझ्या माहेरी नेऊन बांधल्या. त्यातली एक तिथंच दगावली. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हता. आता पुन्हा दवाखान्यात सोबत येतो, पण एसटीत माझ्या शेजारी बसत नाही.

अजून मूल नाही. इलाज सोडलेला नाही. मडकं आता पालाच्या कोपऱ्यात लपलेलं नसतं. आमच्या घराच्या दारात, पाण्याच्या माठाशेजारी असतं. कुणी विचारलं की सांगते, काय आहे, कशासाठी आहे, खोट कुणात आहे. मूल झालं तर कपिलधारच्या नवसाचं म्हणून खपवणार नाही. नळीतलं म्हणूनच सांगेन. मुलालाही सांगेन. नाही झालं, तर तेही लपवणार नाही.

आणि गावात पुढचं बारसं होईल तिथं जाईन. बोलावणं असो, नसो. पाळण्याजवळ हात पुढे करून उभी राहीन. बाळ दिलं नाही, तर का दिलं नाही ते तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारीन.