खिशातलं माप

वजनकाट्यावर चढताना सदाशिवकाकांच्या सदऱ्याचा एक खिसा खाली ओढलेला दिसला. जठराच्या कर्करोगावर कोणत्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली तर माणूस चांगला सावरतो, याचा अभ्यास आमच्या रुग्णालयात चालतो. दर महिन्याला रुग्णांचं वजन वहीत लिहिणं हे माझं काम. घरातली पहिली पदवीधर मी. या वहीने मला मान दिला.

"काका, खिशात काय आहे?"

"काही नाही गं."

"अहो, दाखवा की!" सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. "जन्मभर भाजी विकली, कधी काटा मारला नाहीत. आणि आता?"

काकांनी खिशातून एक किलोचं लोखंडी माप काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली पोरी. माझ्यामुळे त्यांचा अभ्यास फसायला नको."

उपकार फेडायची ही रीत मला ओळखीची होती. वसतिगृहात अर्धपोटी असताना मीही घरी लिहायचे, जेवण छान आहे. त्या खोट्याने आई निवांत झोपायची. पण इथल्या खोट्या आकड्याने डॉक्टरही निवांत राहिले असते, आणि आत जे पुन्हा वाढत असेल ते वाढत राहिलं असतं.

"मागच्या महिन्यातही होतं का हे?" मी विचारलं.

"छे, तेव्हा अर्ध्या किलोचं पुरलं."

मी मागचं पान उलटलं. वजन टिकलंय म्हणून त्या दिवशी आम्ही पेढे खाल्ले होते.